जावयाचा कॉम्प्युटर

गुलमंडीतून चांदीचं निरांजन घेऊन श्रीरंगराव घरी आले, तेव्हा कालिंदी मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. एवढंच. यात धसका घेण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण बायकोला रिकाम्या हातांनी बसलेलं त्यांनी लग्न झाल्यापासून पाहिलंच नव्हतं. टीव्हीपुढे बसली तरी तिच्या पुढ्यात लसूण असायचा, नाहीतर शेंगा. आणि आज तर घरात कामाचा डोंगर. धोंड्याचा महिना चाललेला, संध्याकाळी नीरजा आणि चिन्मय, लेक-जावई, पुण्याहून यायचे, अनारशांचं पीठ तयार होऊन पडलेलं, तूप अजून कढवायचं, आणि ही बाई काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या आकड्यांकडे टक लावून बसलेली. कूलरच्या घरघरीत तिला स्कूटरचा आवाज आला नसावा. काय चाललंय, असं त्यांनी विचारताच ती दचकली, चांगली खांदे उडेपर्यंत दचकली, आणि मग पदर सारखा करत म्हणाली, "पुसतेय." जणू ओटाच पुसत होती.

काय पुसतेस, कशाला पुसतेस, हे त्यांनी विचारायच्या आतच तिनं सगळं सांगून टाकलं. कॉम्प्युटर चिन्मयला द्यायचाय ना, मग त्यात आपले आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो आहेत, ते तसेच कसे द्यायचे. नुसतं डिलीट केलं तर काही जात नाही म्हणे, आत तसंच राहतं. त्याच्यावरून दुसरं काहीबाही गिरवत राहावं लागतं, एकदा नाही, तीनदा. म्हणजे मग कुणाच्या बापालाही ते परत काढता येत नाही. नीरजानं त्यासाठी पेनड्राइव्ह पाठवला होता, तो खाली लावलेला होता आणि त्याचा दिवा लुकलुकत होता. फोटो? फोटो नीरजाकडे आहेत, तिनं केव्हाच घेतले. सगळी उत्तरं तयार होती आणि नेमकी तीच गोष्ट श्रीरंगरावांना खटकली. ज्याची उत्तरं इतकी तयार असतात, त्याची पिशवी आधी तपासावी, हे त्यांचं आयुष्याचं शास्त्र होतं. शिवाय ही बाई दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी, श्रीखंडाचे डबे माळ्यावर रचून ठेवणारी, नीरजाचा पहिल्या दिवाळीचा फ्रॉक अजून ट्रंकेत जपणारी. टाकणं म्हणून तिला माहीत नाही. तिनं एखादी गोष्ट तीन-तीनदा पुसून टाकावी, ती का?

चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी स्टोअरमध्ये काढली होती. एकदा एका जुन्या, देवमाणूस म्हणून नावाजलेल्या फिटरच्या डब्यात वांग्याच्या भाजीखाली लपवलेलं बेअरिंग त्यांनी शोधून काढलं होतं. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली, आणि ती थाप त्यांच्या अंगात जी मुरली ती मुरलीच. तेव्हापासून कुणाचाही डबा त्यांना नुसता डबा दिसला नाही. घरीसुद्धा चार कप्पे उघडून पाहिल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. कालिंदीची पर्स, देवघराखालचं फडताळ, नीरजा कॉलेजात असताना तिची सॅक. वाईट हेतू नसायचा, एक नजर टाकलेली बरी असते, एवढंच. घरातल्यांना त्याची सवय झाली होती, अशी त्यांची समजूत होती. या तपासणीतून सुटलेला माणूस एकच, चिन्मय. मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत, कॉम्प्युटरमधला बाप, बोलायला साखर, आल्या आल्या वाकून नमस्कार करणारा. जावयाला गेटपास लागत नाही, असं ते चारचौघांत हसून सांगायचे. त्यामुळे त्यानं गेल्या आठवड्यात फोनवर, "बाबा, तुमचा तो जुना कॉम्प्युटर पडूनच असेल ना, मी घेऊन जातो," म्हटल्यावर त्यांनी मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं. अधिक महिन्यात जावयानं तोंडानं काही मागावं आणि सासऱ्यानं नाही म्हणावं, हे त्यांच्या घराण्यात कुणी ऐकलंही नसतं. निरांजन, अनारसे आणि वर कॉम्प्युटर. कालिंदीला त्यांनी ते जेवताना सांगितलं तेव्हा तिच्या हातातली पळी क्षणभर वरणाच्या वर तशीच थांबली होती. हे त्यांना आत्ता आठवलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ते तिच्या खुर्चीत बसले. खुर्ची गरम होती, म्हणजे बाई बराच वेळ बसलेली होती. आकडा हळूच एकानं वाढला. म्हणजे आत काहीतरी कायमचं गेलं. काय गेलं? श्रीरंगरावांचं मन अशा वेळी फार लांब जात नसे, जवळच्या जवळ सोसायटीत जाऊन थांबे. सोसायटीचे सेक्रेटरी वैजनाथ, बायको जाऊन काही वर्षं झालेली, टाकी भरण्याच्या वेळांची पत्रकं याच कॉम्प्युटरवर कालिंदीकडून टाइप करून घ्यायचे. एकदा तिच्या हातचे पोहे खाऊन म्हणाले होते, "वहिनी, पोहे करावेत तर तुम्हीच." त्या एका वाक्यावर श्रीरंगराव पुढे कितीतरी दिवस कुढले होते. पोह्यांत एवढं काय असतं? वैजनाथ साठीच्या पुढचे, ढेरपोटे, पायांत भेगा पडलेले. हे सगळं दिसत असूनही आकडा वाढला की त्यांना वाटे, एक पत्र गेलं. पुन्हा वाढला की, दुसरं गेलं. हसू येण्यासारखंच होतं ते, आणि त्यांना स्वतःलाही किंचित आलं. पण नजर मात्र आकड्यावरून हलेना. संशयाचं असंच असतं, तो खोटा आहे हे कळून तो जात नाही. आतून तूप कढल्याचा वास येत होता. बाई तूप कढवतेय आणि इथं तिचं सगळं आयुष्य पुसलं जातंय, आपल्याला न दाखवता. ते उठले, चपला न घालता जिन्यापाशी गेले आणि त्यांनी मीटरखालचं मेन बटण खाली पाडलं.

कूलर थांबला आणि घर एकदम गप्प झालं. "लाइट गेली वाटतं," असं तेच मोठ्यानं म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनीच ती परत आणली. कॉम्प्युटर पुन्हा लावला तर पडद्यावर काहीच येईना. कालिंदी पिठाच्या हातांनी दारात उभी होती. तिनं विचारलं, किती झालं होतं? झालं का म्हणून नाही, किती झालं. त्यांनी सांगितलं, विशेष नाही, सुरुवातच होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला त्यांनी स्वच्छ पाहिला. मग ते म्हणाले की कॅनॉटच्या दुकानात नेऊन दाखवून आणतो, जावयाला काय बंद डबा द्यायचा? तशी ती मध्ये आली, अक्षरशः दारात आडवी झाली.

"नका नेऊ दुकानात. पुन्हा पुसायला लावते मी. नाहीतर भंगारात द्या, हातोडा घाला त्याच्यावर. पण दुकानात नको."

"का?"

"लोकांना कशाला दाखवायचं घरातलं."

"घरातलं काय आहे एवढं?"

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात भीती होती हे त्यांनी ओळखलं. ती भीती आपलीच आहे, बाई आपल्यालाच भितेय, हेही ओळखलं. चोर पकडल्यावर माणसाला जो एक हलका आनंद होतो तो त्यांना झाला. मग आतून करपल्याचा वास आला आणि तिला आत धावावं लागलं. तुपात सोडलेला अनारसा हसला होता, कढईभर चुरा झाला होता. एरवी अशा वेळी ती स्वतःलाच चार शब्द ऐकवी. आज गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिली. ते तेवढ्यात कॉम्प्युटरचा डबा उचलून बाहेर पडले.

उन्हानं सिडकोचे रस्ते ओस पडले होते. स्कूटरवर पायांमध्ये तो पत्र्याचा डबा तापून पोटरीला चटके देत होता. वाटेत खिशात फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. कालिंदीच असणार. त्यांनी उचलला नाही. त्यांना आठवत होतं की हा कॉम्प्युटर नीरजा अकरावीत असताना घेतला. तेव्हा ती कुणाशी काय बोलते ते बघता यावं म्हणून त्यांनी तो तिच्या खोलीत न ठेवता मागच्या येण्याजाण्याच्या खोलीत ठेवला होता. पोरीनं कधी तक्रार केली नाही. ती तशी गरीबच, आईवर गेलेली. लग्न झाल्यावर जरा अबोल झाली, पण सासरी गेल्यावर मुली पोक्त होतातच. दिवाळीनंतर चिन्मयचा एकदा फोन आला होता. फार संकोचानं म्हणाला, बाबा, तिला जरा समजावून सांगा, ऑफिसातल्या कुणाशी सारखी बोलत असते, मला काही वाटत नाही, पण लोक. बिचारा. श्रीरंगरावांनी त्याच दिवशी लेकीला फोन लावला होता. लपवण्यासारखं काही नसेल तर फोनचा पासवर्ड नवऱ्याला द्यायला काय हरकत आहे, असं विचारलं होतं. ती पलीकडून नुसतं "बरं" म्हणाली होती. आपण वेळेवर सावरलं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. आता वाटलं, पोरीचं सावरलं आणि आपल्याच घरात हे.

कॅनॉटमधल्या एका अरुंद दुकानात राजकुमार नावाचा चाळिशीचा माणूस बसायचा. तो मूळचा सोयगावकडचा. सोसायटीतली सगळी मशिनं त्याच्याच हाताखालून गेलेली. त्यानं डिस्क बाहेर काढली, आपल्या मशिनला जोडली आणि बघत राहिला.

"कुणी बसवलं होतं हे पुसायला? लई पक्कं काम करायला बसलं होतं कुणी," तो म्हणाला. "पुरं झालं असतं ना काका, तर मीच काय, कुणीच काढू शकत नव्हतं. पण मधीच बंद पडलं. पुढचा भाग गेला, मागचा हाय तसाच हाय. नावं नाय निघायची, फोल्डर नाय, पण फोटो निघतील. काढू?"

"काढ. सगळे काढ."

पडद्यावर बारक्या चौकोनांच्या ओळी उमटायला लागल्या. श्रीरंगराव चष्मा पुसून पुढे सरकले. वेरूळची सहल, कैलासापुढे नीरजा डोळे मिटून. कुणाच्या तरी मुंजीतली पंगत. आधार कार्ड, उलटं. सोसायटीचं पत्रक, त्यात टाकीच्या वेळांशिवाय काही नाही. ते वैजनाथांना शोधत होते. एक तरी फोटो, एक तरी ओळ. मिळावी असंही वाटत होतं, मिळू नये असंही. पुन्हा सहल, पुन्हा पंगत, कालिंदीनं काढलेला तिच्या कुंडीतल्या मोगऱ्याचा फोटो. त्यांना मनातून थोडी लाज वाटू लागली आणि ते आता उठावं असा विचार करत होते, तेवढ्यात पुढची ओळ आली.

पहिल्यांदा कळलंच नाही काय आहे. एक हात होता, कोपराच्या वरचा, त्यावर निळेकाळे चार डाग एका ओळीत, आणि पलीकडच्या बाजूला एक. बोटं. मग कानामागची मान. मग हनुवटीखाली. मग चेहरा, पूर्ण, नीरजाचा, कॅमेऱ्याकडे न बघणारा, ओठाच्या कोपऱ्यात खपली धरलेली. बाही वर ओढून धरणारा दुसरा हात कालिंदीचा होता, सणाला भरलेल्या हिरव्या बांगड्यांवरून तो ओळखू आला. मागं पडदा त्यांच्याच खोलीचा. एका फोटोत खुंटीवर त्यांचा स्वतःचा दिवाळीचा सदरा टांगलेला होता. म्हणजे हे त्यांच्याच घरात झालं, दिवाळीत, दार लावून. आणि त्याच वेळी पुढच्या खोलीत ते जावयाला आग्रह करकरून चकल्या वाढत होते. नीरजानं त्या दिवाळीत पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला होता. ओठाला काय झालं, असं त्यांनी विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, दार लागलं. जन्मभर लोकांचे डबे उघडणाऱ्या माणसानं त्या एका उत्तरावर मान डोलावली होती.

हे सगळं दिसलं, समजलं, आणि तरीही त्यांच्या मनात सगळ्यात आधी जो प्रश्न उठला तो चिन्मयबद्दलचा नव्हता. पोरीनं काय केलं असेल, असा तो होता. तो आपणहून आला, रोज वापरातल्या किल्लीसारखा हाताशी. श्रीरंगराव त्या प्रश्नाकडे बघत राहिले. शेजारी राजकुमारनं कधीच मान खाली घातली होती. त्यानं पडदा त्यांच्याकडे पूर्ण वळवला, "चहा सांगून येतो," म्हणाला आणि काचेचं दार ओढून बाहेर जाऊन उभा राहिला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी उचलला. कालिंदीनं हॅलो म्हटलं नाही.

"पाहिलंत?"

"हो."

"मग विचारा आता."

"काय?"

"तेच. तिनं काय केलं होतं म्हणून."

 प्रश्न तर मनात आधीच विचारून झाला होता. कालिंदी हळू आवाजात, भराभर बोलत राहिली. बाथरूममध्ये नळ सोडून बोलत होती, पाण्याचा आवाज येत होता. दिवाळीतच तुम्हाला सांगायचं होतं, म्हणाली. पोरीनंच हात धरला, बाबा आधी माझीच झडती घेतील म्हणाली. आणि पुढे तुम्ही तो पासवर्ड द्यायला लावलात, तेव्हा तिच्या फोनमध्ये होतं नव्हतं ते तिनं त्या दिवशी पुसलं. माझ्या फोनमध्येही ठेवता येईना, तो तुम्ही रोज बघता. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर असावेत म्हणून कॉम्प्युटरमध्ये तेवढे लपवून ठेवले होते. आणि तुम्ही तोच त्याला देऊन बसलात. पुसलेलंही परत काढता येतं त्याला, तो धंदाच आहे त्याचा, म्हणून तीन-तीनदा पुसायला बसले होते. "दुसरीकडे कुठं ठेवणार होते मी? तुम्ही पिठाचा डबासुद्धा उघडून बघता." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "संध्याकाळचे म्हणाले होते, आत्ताच आलेत ते. कॉम्प्युटर कुठंय म्हणून विचारतोय." दार वाजल्याचा आवाज आला, कुणीतरी काही म्हटलं, आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

"बाबा, अहो तुम्ही कशाला उन्हात गेलात? मी बघितलं असतं की. डिस्क शाबूत आहे ना पण?"

आवाज नेहमीचाच होता, आदबशीर, साखरेचा. श्रीरंगरावांनी तो आजवर किती वेळा ऐकला असेल. आज पहिल्यांदा त्यांनी तो गेटवरच्या माणसानं ऐकावा तसा ऐकला.

"तुम्हाला कशाला हवाय तो, चिन्मयराव?"

पलीकडे एक छोटं हसू. "असंच हो. जुने फोटोबिटो असतील म्हटलं नीरजाचे."

नव्या मशिनवर जगणाऱ्या माणसाला हा खटारा कशाला हवा, हा साधा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नव्हता. कामावर खिळ्याबद्दलसुद्धा पडायचा. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग नीरजाला फोन द्यायला सांगितलं. ती दमलीये, पडलीये जरा, असं तो म्हणाला. "द्या," ते म्हणाले. यापूर्वी जावयाशी ते असं बोलले नव्हते. पावलांचा आवाज झाला, थोडी कुजबुज झाली.

"बाबा."

त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना कळलं की आपल्याजवळ या पोरीसाठी प्रश्नांशिवाय काहीच नाही. दुखतं का, का सांगितलं नाहीस, कधीपासून चाललंय, तुला कुणी सांगितलं होतं सहन करायला. जे येतं त्याच्या शेवटी प्रश्नच. कुठं गेली होतीस, कुणाबरोबर होतीस, एवढा उशीर का. लहानपणापासून हेच बोलत आले होते तिच्याशी.  बाहेर राजकुमार पाठ करून उभा होता.

"मी पाहिलं," ते म्हणाले.

 चिन्मय जवळच उभा असणार. एखाद्या साध्या बातमीला म्हणावं तसं ती म्हणाली, "हो का? मग?" आणि ती थांबली. ती प्रश्नाची वाट बघत होती, मार चुकवायला हात वर धरून माणूस थांबतो तशी.

"मग काही नाही. मी तुला काही विचारणार नाही. तू आईपाशी बस, स्वयंपाकघरात, उठू नकोस तिथून. हे सगळं घेऊन मी येतोय. आणि तुला आता पुण्याला जायचं नाही."

फोनमधून नुसता घरचा कूलर ऐकू येत होता.

"नक्की?" नीरजानं विचारलं.

तो आवाज त्यांनी ओळखला. तो डोळे बारीक करून, शब्द उलटून पाहत विचारलेला, हुबेहूब त्यांचाच होता. त्यांनी "नक्की," म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं. तिचा विश्वास बसला की नाही ते काही समजलं नाही. नुसत्या शब्दावर त्यांनीही कधी कुणाला सोडलं नव्हतं.